नळीतली शीळ

घाटरस्ता जिथून चढू लागतो, तिथल्या पहिल्या वळणाच्या पोटात कानवाल्याचं गॅरेज होतं. वर पत्रा, खाली तेलानं काळी झालेली फरशी, आणि मागचं दार थेट घराच्या स्वयंपाकघरात उघडणारं. गिऱ्हाइकांना त्याचं खरं नाव ठाऊक नव्हतं. इंजिनाचं दुखणं तो कानानं ओळखायचा. त्याचा बापही तसाच ओळखायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. मग कानवाला बोलायचा, "दुसऱ्या नंबरचा व्हॉल्व्ह." खोलून पाहिलं की तेच निघायचं. धूर सोडून गळती दाखवणारी यंत्रं बाजारात आली, ती त्यानं घेतली नाहीत.

"काठी आंधळ्याला लागते," म्हणायचा.

त्याचा थोरला भाऊ तरुणपणी घाटातल्या शर्यतीत गाडी पळवायचा. दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून चालणारी ती टर्बोची गाडी त्यानं पोरीसारखी सांभाळली होती. पण साखरेच्या आजारानं त्याचा उजवा पाय बोटांकडून काळा पडत चालला. गुडघ्याखाली कापावा लागेल, पुढच्या आठवड्यात दाखल व्हा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी तो लंगडत गॅरेजात आला आणि किल्ली धाकट्याच्या हातात ठेवली.

"धाकट्या, पाय जायच्या आधी मला एकदा घाट चढायचाय. तिसऱ्या गिअरात ती शीळ घालत उठायची ना, तशी. आता म्हैस झालीय तिची. दाबाचा काटा अर्ध्यावरच अडतो."

"दोन दिवसांत देतो, दादा."

"माझ्याकडे घालवायला पाय एकच आहे, हं. दोन वायदे करू नकोस."

दोघं हसले.

कानवाला गाडी घेऊन चढापर्यंत जाऊन आला. काटा खरंच अर्ध्यावर थांबत होता आणि मागं काळा धूर पडत होता. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारं छोटं चक्र. ते इंजिनात हवा दाबून कोंबतं. चक्र खराब झालं तर बहुतेक वेळा तेल जळून निळा धूर येतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल पुरतं येतंय, हवा वाटेत कुठेतरी सांडतेय. हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

म्हणून त्यानं हवेच्या वाटेचं तोंड बुचानं बंद केलं, कंप्रेसरनं आत हवा भरली आणि कंप्रेसर थांबवला. गॅरेज चिडीचूप झालं. रबरी नळीचं एक टोक कानात घालून दुसरं तो पाइपांवरून सावकाश फिरवू लागला. काही नाही. सगळं घट्ट.

बायको दारात हात पुसत उभी होती. "अहो, कुठंतरी सुसतंय."

"काय सुसतंय?"

"कुकरचं रबर ढिलं झालं की करतो ना, तसं."

"मग जाऊन कुकर बघ."

भरलेली हवा कमी होत होती. पण थोडी हवा पिस्टनजवळून निसटतेच, असं त्यानं मनाला सांगितलं. मग चक्राचा दांडा बोटांनी हलवून पाहिला. तो किंचित डुगडुगला. जुन्या गाडीचा दांडा तेवढा डुगडुगतोच. पण पाइप घट्ट आहेत असा कानानं निकाल दिला होता, आणि त्याच्याकडे कानाच्या निकालावर अपील नव्हतं.

टर्बो उतरवायला घेतला तेव्हा गंजलेला एक बोल्ट आतच तुटला. तो कोरून काढण्यात अख्खा एक दिवस गेला. टर्बो शहरातल्या कारागिराकडे रवाना झाला. रोज संध्याकाळी थोरल्याचा फोन यायचा. "झाली?" "होईल, दादा." "काळं वर सरकतंय रे."

मग थोरल्याला ताप भरला आणि ठरल्या दिवसाआधीच त्याला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं. टर्बो परत आला तेव्हा पाय गेला होता. सोबत कारागिराचा निरोप होता, "चक्राला काही झालेलं नव्हतं. धुऊन पाठवलंय."

कानवाल्यानं तो बसवला. काटा पुन्हा अर्ध्यावर अडला. तो पायरीवर बसून राहिला. तेवढ्यात बायको वाटीत साबणाचा फेस आणि त्याचाच जुना दाढीचा ब्रश घेऊन आली.

"गॅसचा सिलिंडर जोडायला येतो तो माणूस असंच बघतो. भरा हवा."

त्यानं भरली. ती पाइपांना फेस लावत गेली. जाड रबरी नळीच्या खालच्या अंगाला, आवळायच्या पट्टीच्या कडेशी, फेस फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

"आता तरी येतंय ऐकू?"

तो वाकला. गालाला वाऱ्याची गार रेघ लागली. कानाला काहीच लागलं नाही.

"नाही," तो म्हणाला.

तिनं ब्रश वाटीत ठेवला. "फोन वाजतो, कुकरची शिट्टी होते, तुम्ही उठत नाही. मला वाटायचं, मुद्दाम करता. किती बोलले मी."

जाड, खर्जातले आवाज त्याला नीट यायचे. बारीक आवाज कधी निघून गेले, ते त्याला कळलंच नव्हतं. जे ऐकूच येत नाही, ते गेलंय हे कसं कळणार? नवी नळी चहा निवायच्या आत बसली.

थोरला दवाखान्यातून आपल्या घरी आला. अंगणात चाकाच्या खुर्चीत बसला होता, पँटचा पाय दुमडून पिन लावलेली. कानवाला बायकोसोबत गाडी घेऊन आला, तेव्हा ती बघून म्हणाला, "बैल गेला नि झोपा केला. जा, तू तरी चढवून आण."

कानवाला गेला. तिसऱ्या गिअरात पाठ सीटला चिकटली, काटा पार टोकाला गेला. त्यानं काच खाली केली. टायरांची घरघर आली, सायलेन्सरचा घुमारा आला. तो परतला.

"आली शीळ?"

"काटा पूर्ण गेला, दादा."

"काट्याचं नाही विचारलं."

दारात उभी असलेली कानवाल्याची बायको दुसरीकडे बघू लागली.

"मला ऐकू येत नाही, दादा. तेव्हाही येत नव्हतं. नळीच फाटली होती. ही म्हणाली होती."

थोरल्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग दुमडलेल्या पँटकडे. "नुसती नळी?"

"नुसती नळी."

"आत ने मला. ऊन लागतंय."

कानवाल्यानं खुर्ची ढकलली. उंबऱ्यावर पुढचं चाक अडलं. थोरला पुढंच बघत बारीक आवाजात काहीतरी बोलला. कानवाल्याला ते कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. त्यानं खुर्ची उचलून आत घेतली.