एक हात मोकळा

"एक हात मोकळा हाय बघा," म्हणत सर टेबलावर बोटं वाजवायचे. बोटं थांबली की पाय हलायचा. चितेगावच्या आमच्या औषधाच्या कारखान्यात त्यांना स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्याला माझ्यापुढं आणून उभं करा!

त्यांचं काम स्फटिकांचं. औषध एकच, पण त्याचे रेणू दोन तऱ्हांनी रचले जाऊ शकतात. त्यातली कुठली रचना टिकेल, हे सर हायड्रोजन बंधांवरून आधीच सांगायचे. "रेणू एकमेकांचे हात धरून उभे असतात, पोरी. आपल्या मालात एक हात कुणीच धरलेला नाय. तो गप बसंल व्हय?"

मोठे साहेब हसायचे. "इतकी वर्षं माल तसाच निघतोय की, सर."

झालं! सर पेटले. चहा गार करत महिनाभर काचेच्या कुप्यांशी झटले आणि एका दुपारी जास्त टिकणारी ती दुसरी रचना त्यांनी खरंच करून दाखवली. चिमूटभर पांढरी भुकटी, पण माणूस हवेत होता.

नेमका तेव्हाच मी प्लांटमधून फोन केला. टाकीत स्फटिक धरत नव्हते आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. "सर, असाल तसे या, पळत या!"

ते आले. असतील तसे, भुकटी करताना घातलेल्या त्याच ॲप्रनमध्ये. टाकीवर वाकले.

दुधाला विरजण पुरतं, तसा ॲप्रनवरून पडलेला त्या भुकटीचा एक कण टाकीला पुरला. सगळा माल दुसऱ्या रचनेचा झाला. तो पोटात विरघळेना, म्हणजे औषध म्हणून वाया. कितीही धुतलं तरी त्या टाकीत जुनी रचना पुन्हा म्हणून आली नाही. सरांचं म्हणणं खरं ठरलं आणि त्यांच्याच अंगावर आलं.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "ॲप्रन का नाही बदललात?"

मी शेजारीच बसले होते. सरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "मला लई घाई असती हो. जन्माचीच." त्यांची बोटं त्या दिवशी अजिबात हलत नव्हती. मज मेलीच्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं!

महिनाअखेरीस ते अजिंठ्याकडं गावी निघून गेले.

आता नव्या पोरींना मीच प्लांटच्या दारात अडवते, ॲप्रन बदलायला लावते. सरांची चूक सगळ्यांना तोंडपाठ आहे. फोन मी केला होता, हे आज तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय, आणि सांगताना माझीच बोटं टेबलावर वाजताहेत.