पत्रेवाले साहेब

आमच्या आष्टीच्या कचेरीत ते पहिल्यांदा आले, तेव्हा खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी मान वर केली आणि छताकडे बोट दाखवून म्हणाले, “हे काढा.”

असे साहेब तुम्हीही पाहिले असतील. जुनं काही दिसलं की यांचे हात शिवशिवायचे. आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. कचेरी जाड मातीच्या भिंतींची, वर कवेलू म्हणजे मातीची कौलं, भिंतीत उंचावर झरोके. भर मे महिन्यातही आत बसवत असे. साहेबांनी कवेलू उतरवून टिनाचे पत्रे ठोकले, धूळ येते म्हणून झरोके विटांनी बुजवले आणि दारांवरच्या, पाणी शिंपडून गारवा देणाऱ्या वाळ्याच्या ताट्या ‘गावठी’ ठरवून फेकून दिल्या. याला ते सुधारणा म्हणत.

पहिल्याच उन्हाळ्यात टाइपरायटरला हात लावला की चटका बसू लागला. साहेबांनी स्वतःपुरता कूलर आणला आणि आपल्या खोलीच्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या. आत नुसती दमट कोंडी. शर्ट पाठीला चिकटलेला, तरी साहेब विचारायचे, “काय, काश्मीर वाटतं की नाही?” आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, “वाटते साहेब” म्हणत घाम पुसत बाहेर यायचे.

आमच्या शेजारचं घर त्यांनी विकत घेतलं. त्यावरही पत्रे चढले. मग त्यांची म्हातारी आई केळझरहून राहायला आली. ती दुपारी अंगणात यायची आणि माझ्या बायकोला म्हणायची, “पोरानं मले भट्टीत काऊन ठेवलं वं बाई?”

एका रविवारी ती अंगणात आलीच नाही. साहेब वर्ध्याला गेले होते. बायको बघायला गेली, तर म्हातारी खाटेजवळ बेशुद्ध पडलेली, अंग तव्यासारखं तापलेलं. आम्ही दोघांनी तिला उचलून आमच्या घरी, कवेलूखाली आणलं. सारवलेल्या जमिनीवर निजवून ओल्या फडक्यांनी अंग पुसत राहिलो. डॉक्टर येऊन गेले. दिवस कलता तिने डोळे उघडले.

साहेब धावत आले. “आई, घरी चल.”

“मी नाई येत. इथंच राह्यतो मी.”

“लोक काय म्हणतील?”

“त्याइलेच ने मंग त्या पत्र्याखाली!”

पाऊस लागेपर्यंत ती आमच्याकडेच राहिली. सुट्टीच्या दुपारी साहेब येऊन तिच्या पायाशी टेकायचे आणि बोलता बोलता तिथंच जमिनीवर झोपी जायचे. म्हातारी पदराने वारा घालत बसायची. तेवढ्यापुरता त्यांचा राग यायचा नाही.

एकदा जागे होऊन हळूच म्हणाले, “कवेलू कुठं मिळतील हो? आईच्या खोलीपुरते.”

“आणि कचेरीसाठी, साहेब?”

ते लगेच ताठ झाले. “तिथं सुधारणा झालीय.”

पुढे साहेबांची बदली झाली. आईला घेऊन ते गेले, त्याच दुपारी आम्ही झरोक्यांतल्या विटा फोडल्या. वारा आत शिरला, टेबलांवरचे कागद खोलीभर उडाले, आणि ते गोळा करायला बराच वेळ कोणीही उठलं नाही.