इले कोणाच्या घरी पोचवू?

कुणाच्याही घरी गेल्यावर माणसांच्या आधी कचऱ्याच्या डब्याची खुशाली विचारणारा इसम अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू, सगळ्या गल्लीचे भाऊ. वरोऱ्यात आमची घरं एकाच गल्लीत. भाऊ चहाला आले की आधी डब्याचं झाकण उघडतात. ओल्या कचऱ्यात शाम्पूची पुडी दिसली की चहा तसाच राहतो. त्यांची चाहूल लागली की माझी बायको आधी डबा आवरते, मग केस. मार्कंड्याच्या जत्रेत आम्ही दर्शनाच्या रांगेत होतो, तेव्हा हे वैनगंगेच्या वाळूत प्लास्टिकचे पेले वेचत होते. परतताना बसमध्ये कंडक्टरशी वाद. पेल्यांच्या पोत्याचंही तिकीट फाडा, हा आग्रह भाऊंचा.

भाऊंच्या मुलीच्या लग्नात मात्र हे सगळं गळ्याशी आलं. मांडवात प्लास्टिकचं एकही ताट येणार नाही, असं त्यांनी पत्रिकेतच छापलं होतं. पळसाच्या पत्रावळी स्वतः बसून टाचल्या, आणि मऊ पडाव्यात म्हणून पाणी शिंपडून आदल्या रात्री गोठ्याच्या गारव्यात ठेवल्या. पळसाचं पान म्हशीला किती आवडतं, हे गावभर सांगणारे भाऊच. सकाळी म्हैस निवांत रवंथ करत होती.

वऱ्हाड वेशीवर आलं होतं. आचारी फोमच्या प्लेटांचे गठ्ठे आणायला निघाला. पोरीच्या सासरचा मान राखावा की आपला शब्द, या पेचात भाऊ मांडवाचा खांब धरून उभे. मी हिशेबी माणूस. म्हटलं, आजच्या दिवस घ्या. तेवढ्यात समोरच्या काकू थाळ्यांची चळत घेऊन आल्या. डब्यावरून भाऊंचं सगळ्यात जास्त वाजायचं ते यांच्याशीच.

"आमचा डबा तं रोज पाहून राह्यले, भाऊ. आज थाळ्या बी पाहून घ्या."

मागोमाग सगळी गल्ली आली. प्रत्येक थाळीवर ज्याचं त्याचं नाव कोरलेलं. वरपित्याने भात संपवता संपवता 'चि. बाळूच्या बारशानिमित्त' असं मोठ्यानं वाचलं आणि बाळू कोण ते विचारलं. समोर वरण वाढणारा मिशीवाला गडी लाजला.

पाठवणी झाल्यावर आम्ही दोघं अंगणात नावं वाचून थाळ्या वेगळ्या करत बसलो. ढीग संपला, तरी भाऊंच्या हातात एक लहानशी थाळी उरली. काठावर मुलीचं नाव होतं.

"इले आता कोणाच्या घरी पोचवू?" ते म्हणाले.

थाळी केव्हाच कोरडी झाली होती. तरी ते ती पुसत राहिले.