मोहाखाली ठेवलेली चिठ्ठी

ज्या हेराच्या पुस्तकांवर लहानपणापासून जीव टाकला, त्याला एकदा तरी आमच्या गडचिरोलीच्या जंगलात आणायचं, ही माझी जुनी हौस. त्याच्या चाहत्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. तिथे हौशी लोक त्याच्या नव्या कथा लिहून टाकतात. मीही लिहिली. महायुद्धाचे दिवस, जखमी हेर एका म्हातारीच्या झोपडीत लपलेला, आणि त्याची चिठ्ठी साथीदाराच्या हाती पडायची कशी, हा पेच.

युक्ती आईची. आमच्या गावात मोहाच्या झाडाखालची जागा ज्यानं झाडून ठेवली, तिथली फुलं त्याची. दिवसभर पडून राहिली तरी दुसरं कोणी हात लावत नाही. "तिथी ठेव ना चिठ्ठी," आई म्हणाली, "कोनी नाई उचलत." म्हातारीचं बोलणंही मी आईचंच घेतलं. गोळी लागून म्हातारी मरते, ते वाचून दाखवलं तेव्हा आईनं पदरानं डोळे पुसले.

भद्रावतीला माझी नोकरी. सुट्टीत गावी गेले की आईचा पहिला प्रश्न, "लोकं काय म्हनून राह्यले?"

लोक म्हणत होते, "म्हातारीची भाषा धमाल! मरताना तर हसून हसून पुरेवाट झाली." एका दीडशहाण्यानं लिहिलं, "जंगलातले गरीब लोक पडलेला माल सोडतील? काहीही!" मी रीत समजावून सांगितली, तर उत्तर आलं, "ताई, खेळीमेळीनं घ्या." अस्सा संताप आला! आईला मात्र सांगितलं, आवडली म्हणतात.

मग ग्रुपमधल्या एकानं मला न विचारता कथा स्वतःच्या आवाजात वाचून ग्रुपवर टाकली. "थोडी सुधारली आहे," एवढंच लिहिलं होतं. आई म्हणाली, लाव. दोघी ऐकत बसलो. आधी त्यानं मोठ्या अदबीनं लेखिका म्हणून माझं नाव घेतलं. मग म्हातारी नाकातून बोलू लागली. गावकऱ्यांनी फुलांसकट चिठ्ठी चोरली, हेरानं त्यांना पकडलं, ते त्याच्या पाया पडले.

आईनं शेवटपर्यंत ऐकलं.

"आपल्या गावाले चोर काऊन केलं?"

"मी नाई केलं, आई."

"मंग तुह्यं नाव काऊन घेतलं त्यानं?"