बुधवारचे दोन तास

उद्गारचिन्हांनी भरलेला कागद समोर आला, की काकडे मास्तर आधी चष्मा पुसत आणि थकल्या आवाजात विचारत, "हे कोणत्या आकड्यापुढचं आहे?" आकडा नाही, भावना आहे, असं सांगितलं की "मंग असू द्या" म्हणून कागद परत करत. मेहकरच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवत आणि मी मराठी. गणितातही आकड्यापुढं हे चिन्ह लागतं, त्यामुळे ते आम्हा दोघांचं सामाईक होतं. मी ते उधळायचो, ते जपून वापरायचे.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मास्तरांनी मात्र खुर्ची न बदलता तीन राज्यांत नोकरी केली होती. आधी मध्यप्रदेश, मग मुंबई, आता हे. दर खेपेला परिपत्रकांतला आनंद वाढतो आणि खडूचा डबा तेवढाच राहतो, असं ते म्हणायचे. तक्रार म्हणून नव्हे. तक्रारीला लागणारी उमेदही त्यांच्यात उरली नव्हती.

जून आला की शाळेचं वेळापत्रक त्यांच्या गळ्यात पडे. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर ते चार-चार दिवस पेन्सिलीनं चौकटी भरत आणि खोडत. आठ वर्ग, आठ मास्तर, अडीनडीला हेडमास्तर, त्याला इतका वेळ कशाला, असं मी एकदा चिडवलं. त्यांनी आठाचा आकडा काढून त्यापुढं माझंच चिन्ह ठेवलं.

"आठाले सातानं गुणा, मंग सहानं, असं एकापर्यंत उतरत या. चाळीस हजार तीनशे वीस. एका तासाले आठ मास्तर इतक्या तऱ्हेनं धाडता येते. अन् त्यातली एकही तऱ्हा तुमा लोकाले पसंत नाई."

मग शून्यापुढं हे चिन्ह लावलं तर, असं मी विचारलं. ते म्हणाले, एक.

"काहीच नसलं, तं ते मांडायची एकच तऱ्हा. आहे तसं राहू द्यायचं."

गणितवाले हवेतून एक काढतात म्हणून मी हसलो. ते पेन्सिलीला टोक करत राहिले.

त्याच वर्षी माझी बायको सुमती क्षयानं अंथरुणाला खिळली. ती देऊळगाव राजाला माहेरी होती. शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी बसनं जायचो आणि रविवारी संध्याकाळी परतायचो. एकदा निघताना ती म्हणाली, "मधी एखाद्या दिवशी आलात तं हप्ता इतका लांब वाटणार नाई."

त्यासाठी मला बुधवारचे शेवटचे दोन तास आणि गुरुवारचा पहिला तास मोकळा हवा होता. वेळापत्रक भिंतीवर लागून आठवडाही झाला नव्हता आणि त्यावरून दोघेजण आधीच रुसले होते. मी दाराशी घुटमळलो, कसंबसं सांगितलं. मास्तरांनी एवढंच विचारलं, "बस किती वाजता आहे?"

दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा कागद बदललेला होता. माझ्या तिन्ही चौकटींत 'काकडे' होतं. त्या दोन्ही दिवशी त्यांना स्वतःला एकही मोकळा तास उरला नव्हता.

अशा रीतीनं गणिताचे मास्तर आठवीला मराठी शिकवू लागले. सहामाहीच्या वह्या मी तपासल्या, तर वाघ समोर आला, घराला आग लागली, सगळं काही साध्या पूर्णविरामानं संपत होतं. घाबरले असाल तर घाबरलो असं लिहा, नुसती काठी उभी करून काय होते, असं मास्तरांनी वर्गाला बजावलं होतं. हे सुमतीला सांगितलं तेव्हा ती खोकला येईपर्यंत हसली, आणि खोकला थांबल्यावर पुन्हा हसली.

फाल्गुनात ती गेली. तो बुधवार होता. बसमधून उतरून मी तिच्याजवळ जाऊन बसलो, तिनं मला ओळखलं, आणि दिवेलागणीला सगळं आटोपलं. पहिलंच वेळापत्रक राहिलं असतं, तर त्या वेळी मी मेहकरात वह्या तपासत असतो. हे ऋण माझ्यानं कधी फिटलं नाही.

तेरावा उरकून मी शाळेत गेलो आणि मास्तरांना शिक्षकांच्या खोलीत गाठून म्हणालो, आता माझे तास मला परत द्या. ते फार वाळले होते. त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं.

"राहू द्या. बुधवारी इथंच बसत जा."

"बसून काय करू?"

"काही नाई. काहीच नसलं तरी एक तऱ्हा राह्यते, सांगतलं होतं न तुमाले."

खडू घेऊन ते आठवीवर गेले. वर्ष संपेपर्यंत दर बुधवारी मी तिथं बसलो. पलीकडून त्यांचा दमलेला आवाज यायचा. कवितासुद्धा ते पाढ्यासारखी म्हणायचे. मी काहीच करत नसे. पण त्या दोन तासांत रडलो तर कुणी पाहत नव्हतं, आणि मला तेवढंच हवं होतं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांत मास्तर गेले. आता वेळापत्रक माझ्या गळ्यात आहे, आणि ते चार-चार दिवस काय करायचे ते मला कळलं आहे. जुलैत कुणी ना कुणी दाराशी येऊन घुटमळतं. मी कारण विचारत नाही. चष्मा पुसतो आणि बस किती वाजता आहे ते विचारतो.