लेख्टचं फाटक आणि आमचे नाना

स्कॉटलंडला जायचं तर मे महिन्यात जा, असं मी याच ब्लॉगवर दोनदा लिहिलं आहे. मी स्वतः गेले मार्चच्या शेवटी, सासऱ्यांना शेजारी बसवून आणि मागच्या सीटवर चाळीस पुरणपोळ्या ठेवून. माझ्या सल्ल्यांवर किती विश्वास ठेवायचा, ते आता तुम्हीच ठरवा.

निमित्त माझी धाकटी बहीण केतकी. ती टॉमिंटूल नावाच्या डोंगरातल्या छोट्या गावात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे. तिला सातवा महिना लागला होता. तिचा नवरा जेमी तेलाच्या रिगवर काम करतो, म्हणजे दोन आठवडे घरी आणि दोन आठवडे समुद्रात. तेव्हा तो समुद्रात होता. आई येणार होती, पण गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे पुण्यातच अडकली. केतकी फोनवर म्हणाली, "ताई, डोहाळजेवण वगैरे काही नको गं, आय ॲम फाइन." आणि ते 'फाइन' म्हणताना तिचा आवाज भरून आला. मी तिथल्या तिथे शनिवार दुपारी एकचा बेत ठरवून टाकला. रविवारी सकाळी तिची ड्यूटी, सोमवारी माझी. शनिवार हुकला असता तर सगळंच हुकलं असतं.

माझा नवरा अभिजित ऑन-कॉल होता, तेव्हा सोबतीला उरले नाना. नाना म्हणजे माझे सासरे. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, उभी हयात घाटरस्त्यांवर काढलेली. जानेवारीत ते साताऱ्याहून आमच्याकडे लेस्टरला आले आणि पंधरा दिवसांत कोमेजले. लेस्टर सपाट आहे. बेलग्रेव्ह रोडवर त्यांना मेथी मिळाली, शेवग्याच्या शेंगा मिळाल्या, पण साधा चढ मिळाला नाही.

मी नकाशा उघडला. माझ्या मनात ए-नाइनचा रस्ता होता. सरळ, रुंद आणि कंटाळवाणा. नानांनी चष्मा पुसला आणि बोट भलतीकडेच ठेवलं.

"हा काय आहे?"

"तो लेख्टचा घाट, नाना. बर्फ पडला की देशात पहिल्यांदा बंद होणाऱ्या रस्त्यांपैकी एक."

"म्हणजे घाट आहे," नाना म्हणाले. तीन महिन्यांत त्यांचा चेहरा एवढा उजळलेला मी पाहिला नव्हता. मला नाही म्हणवेना.

शुक्रवारी पहाटे पाचला निघालो. जेवणाचे, चहाचे आणि नानांना पूल बघायचे थांबे धरून बारा तास लागले. ज्यांना हा रस्ता करायचा आहे त्यांच्यासाठी: पर्थच्या पुढे डिझेल दिसेल तिथे भरून घ्या, फोनच्या रेंजवर विसंबू नका, आणि ब्रीमारकडे चढताना मागे मोठी रांग साचली तर कडेला घेऊन लोकांना पुढे जाऊ द्या. आमच्यामागे अकरा गाड्या साचल्या होत्या, कारण नानांना संरक्षक भिंतींचं दगडकाम नीट बघायचं होतं. "पाणी जायच्या मोऱ्या चांगल्या काढल्यात," असं प्रशस्तिपत्र त्यांनी दिलं. मुक्काम घाटाच्या अलीकडे, स्ट्रॅथडॉनच्या खोऱ्यातल्या एका बी अँड बीमध्ये. खोली साधी, नाश्ता भरपेट, आणि शाकाहारी सांगितलं तर तळलेली मश्रूम इतकी देतात की संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही.

रात्रभर बर्फ पडला. सकाळी मालकीणबाईंनी चहाबरोबर बातमी दिली की लेख्ट बंद. नऊ वाजता आम्ही फाटकापाशी पोचलो. फाटक म्हणजे रेल्वेचं असतं तसंच, आडवा दांडा आणि लाल दिवे. पलीकडे वळण, मग पांढरं, मग काहीच नाही. केतकीचं घर तिथून पंचवीस मिनिटांवर होतं. दुसरा रस्ता हंटलीवरून, सव्वादोन तासांचा वळसा घालून. तेव्हाच निघालो असतो तर आरामात पोचलो असतो, हे मला दिसत होतं. नानांना बर्फ दिसत होता.

ते खाली उतरले. छत्री बर्फात खुपसली, ओढून काढली, टोकाला हात लावून पाहिला. "वरचं भुसभुशीत आहे. खाली ओलं. उन्हाचा कोन बघ. बारापर्यंत मोकळा होतो."

फाटकाशी एक पिकअप उभी होती. तिच्यात शीना, वय सत्तरच्या पुढे, गालावर वारा खाऊन खाऊन लाली चढलेली. पलीकडच्या रानात तिच्या मेंढ्या होत्या. बाजूच्या सीटवर तिचा कुत्रा बसला होता. नानांनी तिला आपल्या खास इंग्रजीत विचारलं, "मॅडम, युअर एस्टिमेट?"

"सोमवार," शीना म्हणाली.

"ऑन व्हॉट बेसिस?"

तिने कुत्र्याकडे बोट केलं. "हा अजून झोपलाय. रस्ता उघडायचा असला की उठून बसतो."

नानांना हा पेशाचा अपमान वाटला. त्यांनी माझ्याकडून वही मागून घेतली. बर्फ ढकलणारी गाडी दर फेरीला परत येई तेव्हा ते घड्याळ बघून टिपून ठेवू लागले. चौथ्या फेरीला त्यांनी हात करून ती थांबवलीच. "हाऊ मेनी मीटर्स पर ट्रिप?" ड्रायव्हर म्हणाला, वारा पुन्हा आणून टाकतो त्यावर अवलंबून आहे. "वारा," नानांनी वहीत लिहिलं, दोनदा अधोरेखित केलं आणि बाराचे चार केले. वर पैज लावली. नाना जिंकले तर शीनाने शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा द्यायचा, शीना जिंकली तर पाच पुरणपोळ्या.

"नाना, त्या केतकीच्या आहेत!"

"हरायचा प्रश्नच नाही गं."

मी चिडले होते, हे स्पष्टच सांगते. गाडीत गजरे होते, ओटीचं सामान होतं, शीतपेटीत कोशिंबीर होती, आणि मी एका बंद दांड्याकडे बघत बसले होते. पण खरं सांगायचं तर नानांच्या बेतात मोडता घालायचं मला धैर्य होत नव्हतं. जानेवारीपासून ते आमच्या घरात पाहुण्यासारखे अंग चोरून वावरत होते. इथे ते कमरेवर हात ठेवून उभे होते, आणि गाड्यांतून उतरलेले अनोळखी लोक त्यांना येऊन विचारत होते, "काय वाटतं तुम्हाला?" एका जोडप्याने तर त्यांच्या भरवशावर चादर पसरून सँडविच खायला घेतलं.

एक वाजला. दीड वाजला. दोनला केतकीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"ताई, सगळ्या शेजारणी येऊन बसल्यात. टोस्ट करून दिलेत मी." मग थोडं थांबून, "मी साडी सोडून ठेवू का? येणं होणार नसेल तर तसं सांग. आय डोन्ट माइंड."

नानांनी वही मिटली.

"मेधा, गाडी वळव."

"पण नाना, चारला उघडणार ना?"

"उघडणार. चारला नक्की उघडणार."

"मग वळसा घालून तेवढाच वेळ लागेल. फायदा काय?"

"तिला सांग निघालो म्हणून. आधी सांग, मग गाडी चालू कर."

मी सांगितलं. पलीकडून केतकी नुसतंच "बरं" म्हणाली, पण आवाज एकदम लहानपणचा.

अर्ध्या तासाने नाना समोर बघतच बोलू लागले. अभिजितच्या वेळी सासूबाईंचं डोहाळजेवण भोरला, त्यांच्या माहेरी होतं. नाना तेव्हा महाडला. त्याच सकाळी वरंध घाटात दरड आली. "मीच म्हणालो, बारापर्यंत मोकळा करतो. बाराचे चार झाले, चारचे सहा. प्रत्येक वेळी वाटायचं, आता झालंच. दुसऱ्या दिवशी पोचलो." रस्ता ओला होता आणि वळणं बरीच होती.

सव्वाचारला आम्ही केतकीच्या दारात होतो. पैजेचा निकाल कळवायला शीनाने माझा नंबर घेतला होता, तिने पाठवलेला फोटो फोनवर येऊन पडला होता: फाटक उघडं, कुत्रा ताठ बसलेला, खाली लिहिलेलं 'चारला दहा कमी. तुमच्या साहेबांना सांगा.' हिशेब केला तर थांबलो असतो तरी सव्वाचारलाच पोचलो असतो. हे मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, "मग बरोबरच आलं की," आणि पुरणपोळ्यांचा डबा उचलून आत गेले.

केतकी हिरव्या साडीत दारात उभी होती. "निघालो म्हणालीस ना, तेव्हाच काजळ घातलं," म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. गजरे गारठून काचेसारखे कडक झाले होते, ते आम्ही रेडिएटरवर मऊ केले. पाचही शेजारणींनी मी सांगेन तशी ओटी भरली. एकीने तांदळाबरोबर स्वतः विणलेले मोजेही घातले. मग दोन झाकलेल्या वाट्या पुढे केल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सगळ्यांनी नानांकडे पाहिलं, कारण त्यांची कीर्ती एव्हाना डोंगर ओलांडून आली होती. नानांनी अंदाज द्यायला साफ नकार दिला. बर्फी निघाली. पुरणपोळी बटर लावून खावी की जॅम लावून, यावर शेजारणींचं एकमत झालं नाही.

रविवारी परतताना लेख्ट उघडा होता. नानांनी गाडी माथ्यावर थांबवायला लावली, दोन्ही बाजू पाहिल्या आणि "उतार जरा जास्तच ठेवलाय," एवढंच म्हणाले. खाली शीनाने शॉर्टब्रेडचा डबा खिडकीतून आत दिला आणि हरली असली तरी एक पुरणपोळी चाखून पाहिली.

या प्रवासातून काय राहिलं, असं विचाराल तर घाटाचे फोटो फारसे नाहीत. रस्ता कधी उघडेल ते आता मी कुणाला विचारत नाही. बंद दिसला की वळसा घालते, आणि जिथे जायचं तिथे फोन करून सांगते.

घरी पोचल्यावर भारतात सोमवार उजाडेपर्यंत नाना जागेच राहिले. मग सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं. शीना, कुत्रा, पैज, आणि दोन वाजता गाडी वळवली ते. सासूबाई ऐकत राहिल्या. नानांची बाजू सावरावी म्हणून मी मध्येच म्हणाले, "आई, तेव्हा वरंधला वळसा नसेलच ना?"

"होता की," सासूबाई म्हणाल्या. "महाबळेश्वरवरून. माझा भाऊ महाडहूनच आला, त्याच रस्त्याने. जेवायच्या वेळेला हजर."

नाना फोनकडे बघत होते. "मला माहीत होता तो रस्ता," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होता, ते मलाही माहीत होतं." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "केतकी पोटभर जेवली ना?"

"जेवली," नाना म्हणाले.

"मग झालं," सासूबाई म्हणाल्या.