बांध कोणी कापला?

शैला गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. मलाच ती सगळ्यांना द्यावी लागली. मुलीला, शैलाच्या माहेरी, कॉलेजात, शेजारीपाजारी... आणि सगळ्यांत शेवटी बांगलादेशात. तिकडच्या एका खाडीकाठच्या गावात एक बाई आहेत, शैला त्यांच्या घरी दोन पावसाळे राहिली होती. त्यांचं नाव मी लिहीत नाही. का ते पुढे येईलच. दोघी फोनवर तासन् तास बोलायच्या आणि मी मधूनच "भालो, भालो" म्हणून सुटका करून घ्यायचो. माझं बंगाली तिथंच सुरू होतं आणि तिथंच संपतं. त्या दिवशी फोन लावला, पण सांगायचं कसं ते कळेना. शेवटी म्हटलं, "आपा... शैला नाही."  पलीकडे त्या रडतायत हे कळलं. रडणं जरा ओसरल्यावर त्यांनी एकच विचारलं, "भात खेयेछेन?" म्हणजे जेवलात का. आमच्याकडेही कुणी गेलं की घरच्या माणसाला पहिलं हेच विचारतात. मी हो म्हणालो. खरं तर जेवलो नव्हतो.

याला आता दीड महिना झाला. मधल्या काळात तिच्याविषयी पुष्कळ छापून आलं. कुणी तिला जलतज्ज्ञ म्हटलं, कुणी पूरशास्त्राच्या व्यासंगी अभ्यासक. तिनं वाचलं असतं तर म्हणाली असती, "अहो मास्तर, ही कोण बाई हो?" मी रत्नागिरीच्या एका शाळेत गणित शिकवायचो, ती इथल्याच कॉलेजात भूगोल. आमची डोंगरउतारावर थोडी हापूसची कलमं, तिचं माहेर भाट्याच्या खाडीत आत, खारीतल्या भाताचं. खार म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्याकडून सोडवून घेतलेली जमीन. त्या बांधात लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. भरतीला ती पाण्याच्या जोरानं मिटते, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडते. एखाद्या पावसाळ्यात ती अडकली तर रोपांचं काय होतं हे शैलानं पुस्तकात वाचलेलं नव्हतं, त्या कुजक्या पाण्यात उभं राहून बघितलेलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा आमची बाग बघून ती म्हणाली होती, "तुमचं सगळं उंचावर. तुम्हाला पाण्याचं भय कसं कळायचं?" मी नवीनच नवरा, मान डोलावली.

चाळिशी उलटल्यावर तिला परदेशात क्षेत्रकार्य करायला शिष्यवृत्ती मिळाली. पीएच.डी.साठी पूर आणि साचलेलं पाणी असा विषय तिनं घेतला होता. मुलगी बारावीत, आंब्याचा हंगाम तोंडावर, आणि बाई निघाली बांगलादेशात. मी म्हटलं, पूरच बघायचा तर चिपळूण काय वाईट आहे, सकाळच्या गाडीनं जाशील नि रात्री जेवायला घरी येशील. तर म्हणते, "चिपळूणला पाणी येतं नि जातं. जिथं आलेलं पाणी जातच नाही, तिथं मला जायचंय." माझी आई त्या वेळी होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि "तिकडं म्हावरं तरी गावतं काय गो?" एवढंच विचारलं. मासळी गावते म्हटल्यावर तिच्या दृष्टीनं परदेशाचा प्रश्न मिटला. लोकांनी मात्र मला बरेच दिवस "स्वयंपाक कोण करतं?" हा एकच प्रश्न विचारून भंडावलं. मी करतो म्हटलं की ते आंब्याचा भाव विचारायला लागायचे.

तिथं गेल्या गेल्या तिनं जो पराक्रम केला तो फक्त आमच्या किनाऱ्यावरचं माणूसच करू जाणे. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला काही लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की तास हाती येतो; अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. हा हिशोब शैलाला माहेराहून मिळालेला, आणि त्याच्यावर तिचा फार जीव. एका अष्टमीला तिनं बरोबरच्या दोघा संशोधकांना ठणकावून सांगितलं, सहाला भरती असणारच, बोट काढा. आता समुद्रापासून इतक्या आत, नदीच्या वळणावळणांनी पाणी चढत यायला वेळ लागतो, हे रत्नागिरीच्या पाऊणकीला कुठून ठाऊक असणार! बोट चिखलात बसली. ढकलायला म्हणून ही खाली उतरली ती कमरेपर्यंत रुतली. काठावरच्या बायका फळ्या टाकत टाकत आल्या आणि हसत हसत तिला ओढून काढली. एकीनं घरी नेऊन आंघोळ घातली, आपली साडी नेसवली, गरम भात वाढला. त्याच या बाई. गावानं शैलाचं नाव ठेवलं कादा आपा. कादा म्हणजे चिखल, आपा म्हणजे ताई. फोनवर हे सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. मी म्हटलं, चंद्र सगळ्या जगाचा असला तरी पाऊणकी आपल्यापुरतीच हो. पण त्या फजितीनं तिचं काम सोपं केलं. प्रश्नावली घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाईशी लोक जपून बोलतात. आपणच चिखलातून काढलेल्या बाईशी जपून काय बोलायचं?

त्या गावाचं दुखणं असं होतं. बांधाबाहेरची नदी गाळानं भरत भरत आतल्या शेतांपेक्षा उंच झाली होती. पावसाचं पाणी आत साचायचं आणि त्याला बाहेर जायला वाटच नाही. महिनोन् महिने शेतं पाण्याखाली, चूल खाटेवर. यावर जुना उपाय होता. बांध कापायचा, काही वर्षं भरतीला आत येऊ द्यायचं, ती गाळ आणून टाकते, जमीन वर येते, मग बांध पुन्हा घालायचा. पण बांध सरकारी, कापणं गुन्हा. शिवाय साचलेल्या पाण्यात ज्यांनी कोळंबी सोडली होती त्यांना ते पाणी हवंच होतं, आणि त्यांचा हात वरपर्यंत पोचलेला. गाव वर्षानुवर्षं अर्ज करत होतं. एका सकाळी त्यांनी अर्ज करणं थांबवलं. कुदळी-फावडी घेऊन सगळे बांधावर चढले, बायकासुद्धा. शैलाला कुणी बोलावलं नाही, कुणी अडवलंही नाही. तिच्या गळ्यात कॅमेरा होता. पहिला घाव, हातोहात जाणारी घमेली, भरतीचा पहिला लोट आत घुसताना मागे पळणारी माणसं... सगळं तिनं टिपलं. त्या संध्याकाळी तिनं दोनदा फोन केला. असं घडताना प्रत्यक्ष हजर असलेला अभ्यासक सहसा सापडत नाही, आपल्या प्रबंधाचा गाभाच आज हाती लागला, असं ती म्हणाली.

काही दिवसांत अज्ञात इसमांविरुद्ध गुन्हा नोंदला गेला. चौकशीला आलेल्यांनी घरमालकिणीला विचारलं, तुमच्या पाहुणीकडे फोटो आहेत म्हणे? बाई म्हणाल्या, तिला फक्त चिखलात पडता येतं. ते लोक गेल्यावर दोघी स्वयंपाकघरात बसल्या आणि शैला एकेक फोटो पुसायला लागली. बाई शेजारी बसून बघत होत्या. एका फोटोशी त्यांनी हात धरला. म्हणाल्या, हा तरी ठेव, यात मी बरी दिसते. शैलानं तोही पुसला. ही हकिकत सांगताना तिचे डोळे दर वेळी भरून यायचे, कारण तो फोटो खरंच चांगला होता म्हणे.

परत आल्यावर मार्गदर्शकांनी समजावलं. भले गृहस्थ होते. फोटो नसले तर नसोत, मुलाखती आहेत, तू साक्षीदार आहेस. नावं बदल आणि लिही, सगळे तसंच करतात. शैलाचं म्हणणं, त्या वर्षी त्या भागात कापलेला बांध एकच आणि गाव एकच, नावं बदलून काय उपयोग? पत्ता न घालताही पत्र बरोबर पोचेल. ते म्हणाले, मग तुझ्या प्रबंधात उरलं काय? आणि ते खरंच होतं. तिनं ते प्रकरण काढून टाकलं, मुलाखतीही नष्ट केल्या, आणि पुन्हा तिकडे जाऊन साचलेल्या पाण्यात घरं कशी चालतात यावर नव्यानं काम केलं. त्यात वर्षं गेली. तिच्या मागून आलेले डॉक्टर झाले, त्यातलाच एक तिचा विभागप्रमुख झाला. बाई बांगलादेशात जाऊन हात हलवत परत आली, असं रत्नागिरीत बोललं जायचं. मांडवीला फिरायला गेलो की कुणीतरी हटकून विचारायचं, मॅडम झाल्या का हो डॉक्टर? ती म्हणायची, "होत्ये, होत्ये. जाडा तांदूळ आहे, शिजायला वेळ लागतो." मी आतल्या आत जळायचो. खरं काय ते मला ठाऊक होतं आणि एका शब्दानं बोलायची सोय नव्हती.

शेवटी व्हायवा झाली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एका परीक्षकांनी कागद बाजूला ठेवून विचारलं, त्या वर्षी तिथं एक बांध कापला गेला, तुम्ही त्या सुमारास तिथंच होता ना? शैला म्हणाली, हो, होते.

"मग तो कोणी कापला?"

"गावानं."

"गावानं म्हणजे नेमकं कोणी?"

"सर, गावानं म्हणजे गावानं."

ते थोडे चिडले. संशोधनात असं उत्तर चालत नाही म्हणाले. हे उत्तर तिचं एकटीचं नव्हतंच. तिच्या माहेरी अतिवृष्टीत उघाडी जबरदस्तीनं उघडावी लागली आणि मागाहून कुणी साहेब चौकशीला आला, की पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे एवढंच सांगायचे. तिच्या वडलांनी साहेबाला असंच सांगितलेलं तिनं लहानपणी ऐकलं होतं. खारीतला माणूस शेजाऱ्याशी बांधावरून वर्षभर भांडेल, पण साहेबासमोर त्याचं नाव घेणार नाही. पदवी मिळाली, पण 'क्षेत्रीय पुरावा काहीसा तोकडा' असा शेरा पडला.  बाहेर आल्यावर ती म्हणाली, "कमरेपर्यंत रुतले होते हो मी, आणखी किती खोल जायला हवं होतं?" आणि रस्त्यात उभी राहून पोट धरून हसली. आयुष्यात मला पुष्कळ गोष्टींचा अभिमान वाटला असेल, मुलीचा, बागेचा, माझ्या काही विद्यार्थ्यांचा. त्या दुपारी वाटला तसा कधी वाटला नाही. सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तर ही म्हणते भूक लागलीय, आधी जेवू.

काही वर्षांनी तिकडच्या बाईंनी फोनवर एक फोटो पाठवला. जिथं छातीएवढं पाणी असायचं तिथं भात उभा होता. शैलानं तो कॉलेजात कुणाला दाखवला नाही, मला मात्र दिवसभरात इतक्यांदा दाखवला की मी म्हटलं, आता त्यातलं रोपन् रोप मला ओळखतं. नोकरीची उरलेली वर्षं ती मुलांना घेऊन खाडीकाठच्या गावांत फिरत राहिली. चप्पल काढून चिखलात उतरल्याशिवाय भूगोल शिकवणार नाही, हा तिचा नियम होता. मग आजार आला. तो कसा आला नि कसा वाढला हे लिहायची इच्छा नाही...

कॉलेजात तिची शोकसभा झाली. संपल्यावर तिचाच एक जुना विद्यार्थी, आता प्राध्यापक आहे, माझ्याजवळ येऊन बसला. फार मायेनं बोलला. म्हणाला, सर, मॅडमवर अन्याय झाला, तो शेरा आता पुसायला हवा. त्या बांधावर काय घडलं ते तुम्हाला त्यांनी सांगितलं असणार. मॅडम गेल्या, एवढी वर्षं उलटली, आता लिहायला काय हरकत आहे? त्याचं मन स्वच्छ होतं, आणि मोह मलाही झाला. तिची बाजू जगासमोर यावी असं माझ्याइतकं कुणाला वाटणार? पण ज्यांच्यासाठी तिनं तो शेरा घेतला ती माणसं अजून त्याच गावात राहतात, आणि कोळंबीवालेही तिथंच राहतात. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "बाळा, तो गावानं कापला." तो उठून गेला.

मला सगळं ठाऊक आहे हे खरंच आहे. परत आल्यापासून संध्याकाळचा चहा ठेवताना ती मला त्या माणसांबद्दल सांगायची. कुणी पहिला घाव घातला, कुणाच्या हाताला फोड आले, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं. म्हणायची, लिहायचं नाही ठरवलंय ना, मग विसरायचं पण नाही. होता होता ती नावं मला वर्गाच्या हजेरीसारखी पाठ झाली. आता चहा मी एकट्यापुरता ठेवतो. चष्मा कुठे ठेवला ते मला हल्ली आठवत नाही, म्हणून भीती वाटते, आणि पाणी उकळेपर्यंत मी ती नावं हळू आवाजात एकदा म्हणून घेतो. अजून सगळी येतात. तिच्या हजेरीत एक नाव कधीच नसायचं. ते तिनं मला अगदी शेवटी, आजारपणात सांगितलं. त्या सकाळी फोटो काढता काढता मधेच तिनं कॅमेरा काढून गवतात ठेवला होता, आणि शेजारणीच्या हातातलं फावडं घेतलं होतं. माझ्या हजेरीतलं तेवढं एकच नाव मी इथं लिहू शकतो, कारण त्या नावावर आता कुणी गुन्हा नोंदवू शकत नाही. बांध शैलानं कापला.